बुरशीकडून परकं प्रथिन करून घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोटेक्नॉलॉजी शिकणारी मुलंमुली, एन्झाइम कारखान्यांत नव्याने रुजू झालेले तरुण आणि ‘आमच्या प्रथिनासाठी बुरशी चालेल का?’ असं विचारणारे उद्योजक या सगळ्यांकडून तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे बहुतेकांचं काम अडतं, तिथे उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे. बाकीची थोडक्यात आटोपली आहेत.

परकं प्रथिन म्हणजे नेमकं कोणतं?

ज्याचं जनुक त्या बुरशीचं स्वतःचं नाही, ते. वासराच्या पोटातलं कायमोसिन, माणसाच्या दुधातलं लॅक्टोफेरिन, आफ्रिकेतल्या एका फळातलं गोड प्रथिन थॉमॅटिन ही उघड उदाहरणं झाली. पण एका बुरशीचं जनुक दुसऱ्या बुरशीत घातलं, तरी येणारं प्रथिन परकंच. कपडे धुण्याच्या पावडरीत तेलाचे डाग काढणारं लिपोलेज नोवो कंपनीने 1988 साली बाजारात आणलं. त्याचं जनुक थर्मोमायसिस लॅन्युजिनोसस या उष्णताप्रेमी बुरशीचं होतं आणि ते तयार होत होतं अ‍ॅस्परजिलस ओरायझीत.

हा भेद सुरुवातीलाच सांगतो, कारण बुरशीचं प्रथिन बुरशीत करणं आणि गाईचं किंवा माणसाचं प्रथिन बुरशीत करणं या दोन कामांच्या अवघडपणात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात लिटरला कित्येक ग्रॅम मिळू शकतात. दुसऱ्यात पहिल्या प्रयत्नाला काही मिलिग्रॅम मिळाले तरी सुरुवात ठीक झाली म्हणायची.

बुरशीच का?

कारण प्रथिन पेशीबाहेर टाकणं हाच तिच्या पोट भरण्याचा मार्ग आहे. तंतुमय बुरशीला अन्न गिळता येत नाही. लाकूड, पेंढा, धान्य जे समोर असेल त्यावर ती एन्झाइम सोडते, बाहेरच पचन करते आणि विरघळलेली साखर आत ओढते. त्यामुळे तिची स्राव करण्याची क्षमता अफाट आहे. प्रथिन बाहेरच्या द्रवात येत असेल तर पेशी फोडाव्या लागत नाहीत. मायसेलियम (बुरशीच्या तंतूंचं जाळं) गाळून टाकलं की निम्मं शुद्धीकरण झालं. शिवाय तिला खायला लागतात मोलॅसिस, स्टार्च, कॉर्न स्टीप लिकर, लॅक्टोज असल्या स्वस्त गोष्टी.

दुसरं कारण इतिहासातलं आहे. जोकिची ताकामिने यांनी ओरायझीपासून मिळवलेल्या डायास्टेजचं अमेरिकी पेटंट 1894 मधलं. अ‍ॅस्परजिलस नायजरपासून सायट्रिक अ‍ॅसिडचं कारखानी उत्पादन 1919 पासून चालू आहे. आपल्याकडे पिंपरीत 1954 साली उभी राहिलेली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पेनिसिलिनसाठी पेनिसिलियमच वाढवायची. म्हणजे मोठ्या टाक्यांत बुरशी कशी वाढवायची हे ज्ञान जनुक तंत्रज्ञानाच्या कितीतरी आधीचं आहे.

कोणकोणत्या बुरशी वापरतात?

अ‍ॅस्परजिलस नायजर (अवामोरी हा तिचाच जवळचा प्रकार), अ‍ॅस्परजिलस ओरायझी आणि ट्रायकोडर्मा रीसी या तीन मुख्य. अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स आणि न्यूरोस्पोरा क्रासा यांच्यावर मूलभूत संशोधन खूप झालं, पण कारखान्यात त्या क्वचितच दिसतात.

ट्रायकोडर्मा रीसीचा जन्मदाखला वाचण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कॅनव्हास कुजत होते. त्यातून क्यूएम6ए हा स्ट्रेन (बुरशीचा वाण) वेगळा केला गेला. नेटिकच्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीज आणि मेरी मँडल्स यांनी त्याच्या सेल्युलेजचा (सेल्युलोज तोडणाऱ्या एन्झाइमचा) अभ्यास केला आणि पुढे रीज यांचंच नाव बुरशीला मिळालं. आज कारखान्यात वापरले जाणारे बहुतेक स्ट्रेन या एकाच पूर्वजाचे वंशज आहेत.

अलीकडचं नाव म्हणजे थर्मोथेलोमायसिस थर्मोफिलसचा ‘सी1’ हा स्ट्रेन. डायाडिक कंपनीने तो विकसित केला. त्याची खासियत म्हणजे तो टाकीत तुकड्या-तुकड्यांनी वाढतो, त्यामुळे द्रव घट्ट होत नाही. हा गुण का मोलाचा आहे ते पुढे येईलच.

ट्रायकोडर्मा लिटरला शंभर ग्रॅम प्रथिन देते असं वाचलं. माझ्या प्रथिनाचंही तेवढं मिळेल ना?

नाही. या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडं विस्ताराने.

कारखान्यातल्या काही ट्रायकोडर्मा स्ट्रेननी लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे प्रथिन दिल्याची नोंद आहे, हे खरं. पण ते तिचं स्वतःचं सेल्युलेज मिश्रण आहे आणि त्यातलं निम्मं किंवा त्याहून जास्त एकटं सेलोबायोहायड्रोलेज-1 असतं. लक्षावधी वर्षांच्या निवडीतून त्या प्रथिनाची घडण आणि बुरशीची स्रावयंत्रणा एकमेकांना बेतून घडल्या आहेत. त्यानंतर माणसाने कित्येक दशकं किरणोत्सर्ग आणि रसायनं वापरून त्यातले उत्तम स्ट्रेन निवडले. तुमचं प्रथिन या यंत्रणेने कधी पाहिलेलंच नाही.

अनेकांचा समज असा असतो की जोरदार प्रोमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) लावला, जनुकाच्या प्रती वाढवल्या, की काम झालं. प्रयोगशाळेत वारंवार दिसलंय ते याच्या उलट. एमआरएनए (जनुकाची वाचून केलेली नक्कल) भरपूर आहे, तरी बाहेरच्या द्रवात प्रथिन नाममात्र. म्हणजे अडथळा जनुक वाचण्यात नसून त्यानंतरच्या वाटेवर आहे. प्रथिनाची घडी नीट न बसणं, पेशीने त्याला खराब माल समजून मोडीत काढणं, वाहतुकीत अडकणं, आणि बाहेर पोचल्यावर बुरशीच्याच प्रोटिएजनी (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांनी) ते खाऊन टाकणं या चार ठिकाणी ते हरवतं. प्रकल्पाचं वेळापत्रक आखताना क्लोनिंगला (जनुक जोडून बुरशीत घालण्याला) थोडे आठवडे आणि या चार गोष्टींना वर्ष द्या. उलटं केलेलं वेळापत्रक कोलमडतं.

यशस्वी झालेलं एखादं उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगाल का?

कायमोसिनचं सांगतो, कारण वरच्या सगळ्या अडचणी त्यात एकामागून एक आल्या आणि एकामागून एक सोडवल्या गेल्या.

चीज करताना दूध फाटवण्यासाठी रेनेट लागतं. पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात आणि त्यातलं मुख्य एन्झाइम म्हणजे कायमोसिन. दुधातल्या कॅपा-केसीनच्या साखळीत 105 क्रमांकाचं फिनाइलअ‍ॅलनिन आणि 106 क्रमांकाचं मेथिओनिन यांच्यामधला बंध ते नेमका कापतं. बाकीच्या केसीनला फारसं छेडत नाही, म्हणून चीज कडू होत नाही. जगभर चीजची मागणी वाढली, वासरांची जठरं अपुरी पडू लागली आणि 1980च्या दशकात अनेक गट या जनुकामागे लागले.

फायझरने ते ई. कोलायमध्ये केलं. मार्च 1990 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मान्यता दिली आणि अन्नात वापरलं जाणारं ते पहिलं पुनर्संयोजित एन्झाइम ठरलं. पण ई. कोलायमध्ये प्रथिन पेशीच्या आत गोळा होऊन बसतं. ते विरघळवून पुन्हा घडी घालावी लागते. जेनेनकोर या कंपनीने अवामोरी बुरशीची वाट धरली, म्हणजे कायमोसिन थेट बाहेर सोडणारी.

त्यांनी कायमोसिनच्या जनुकाला बुरशीच्या ग्लुकोअमायलेजचा प्रोमोटर लावला. प्रथिन बाहेर आलं, क्रियाशील होतं, पण अत्यल्प. मग दिसलं की बुरशीचं अ‍ॅस्परजिलोपेप्सिन-ए हे आम्लधर्मी प्रोटिएज त्याचा फडशा पाडतंय. ते जनुकच काढून टाकलं. उत्पादन वाढलं, तरी कारखान्याला परवडण्याइतकं नाही.

तिसरी पायरी कल्पक होती. बुरशीचं संपूर्ण ग्लुकोअमायलेज आणि त्याच्या शेपटीला प्रोकायमोसिन (कायमोसिनचं न कापलेलं पूर्वरूप) अशी एकच लांब साखळी तयार करायची. स्रावयंत्रणेला पुढून ओळखीचं प्रथिन दिसतं, मागचं त्याच्याबरोबर बाहेर पडतं. बाहेर आल्यावर आम्ल वातावरणात प्रोकायमोसिन स्वतःच स्वतःला कापून मोकळं होतं, कारण त्याचा तो निसर्गधर्मच आहे. या जोडणीने उत्पादन लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या पुढे गेलं. चौथी पायरी जुन्या पद्धतीची. उत्परिवर्तन घडवायचं, हजारो वसाहती तपासायच्या, जास्त देणाऱ्या निवडायच्या. डीऑक्सिग्लुकोज या ग्लुकोजसारख्या रसायनाला दाद न देणारे स्ट्रेन असेच निवडले गेले आणि 1991 मध्ये लिटरला एक ग्रॅमच्या पुढचं उत्पादन प्रसिद्ध झालं.

गोष्ट तिथेही संपली नाही. प्रथिनावर साखरेची साखळी बसण्याची जागा मुद्दाम निर्माण केली की ते जास्त प्रमाणात बाहेर येतं, हे पुढे दिसलं. 2003 मध्ये हॅकए हा नियंत्रक (घडी घालणाऱ्या यंत्रणेला चालना देणारा, त्याबद्दल पुढच्या उत्तरात) सतत चालू ठेवून कायमोसिनचं उत्पादन जवळपास पावणेतीन पटीने वाढल्याचं प्रसिद्ध झालं. त्याच युक्तीने ट्रॅमिटिस या बुरशीचं लॅकेज हे एन्झाइम सात पटींहून जास्त वाढलं होतं. एकच उपाय, पण दोन प्रथिनांना लाभ इतका वेगळा.

प्रथिनाची घडी बिघडते म्हणजे काय होतं? त्यावर उपाय काय?

स्रावाला निघालेलं प्रथिन प्रथम पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या भागात उतरतं. तिथे बीआयपी, कॅल्नेक्सिन यांसारखे चॅपेरोन त्याची घडी घालायला मदत करतात आणि पीडीआय हे एन्झाइम डायसल्फाइड बंध जुळवतं. घडी चुकलेली प्रथिनं साचू लागली की पेशी धोक्याची सूचना देते. हॅकएच्या एमआरएनएतून 20 अक्षरांचा एक तुकडा नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीने कापला जातो, हॅकए प्रथिन तयार होतं आणि चॅपेरोनची जनुकं जोरात चालू होतात. तरीही निभावलं नाही तर चुकलेली प्रथिनं बाहेर काढून मोडली जातात.

यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे चॅपेरोन वाढवा. कधी तो लागू पडतो. थॉमॅटिनमध्ये आठ डायसल्फाइड बंध आहेत. अवामोरीत पीडीआय वाढवल्यावर त्याचं उत्पादन चांगलं वाढलं. पण मँगनीज पेरॉक्सिडेजच्या बाबतीत नायजरमध्ये वेगळंच घडलं. कॅल्नेक्सिन वाढवलं तर उत्पादन काही पटींनी वाढलं, बीआयपी वाढवलं तर उलट घटलं. शिवाय त्या एन्झाइमला हीम लागतं, तेव्हा माध्यमात हीम किंवा हीमोग्लोबिन मिसळल्याशिवाय पुरेसं क्रियाशील एन्झाइम मिळत नव्हतं. चॅपेरोन वाढवण्याआधी आपल्या प्रथिनाला काय काय लागतं याची यादी करा : किती डायसल्फाइड, कोणता धातू, कोणता सहघटक, किती उपघटक. ही यादी न करताच लोक बीआयपीचा प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं सुटं वर्तुळ) मागवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मग फ्यूजन (कायमोसिनसारखी वाहक प्रथिनाशी जोडणी) नेहमीच करावं का?

सस्तन प्राण्याचं किंवा वनस्पतीचं प्रथिन असेल तर मी पहिल्या फेरीतच फ्यूजन आणि विनाफ्यूजन असे दोन्ही करून पाहायला सांगेन. फरक किती पडू शकतो याचं ठसठशीत उदाहरण 1993 मधलं आहे. ट्रायकोडर्मात उंदराच्या अँटिबॉडीचा फॅब हा तुकडा लिटरला जेमतेम एक मिलिग्रॅम मिळत होता. त्याची एक साखळी सेलोबायोहायड्रोलेज-1ला जोडल्यावर फ्लास्कमध्ये 40 आणि बायोरिअ‍ॅक्टरमध्ये 150 मिलिग्रॅम मिळाले.

कायमोसिनसारखं स्वतःला कापून घेणारं प्रथिन विरळा. बाकीच्यांसाठी दोघांमध्ये लायसिन-आर्जिनिन ही जोडी ठेवतात. पेशीच्या गॉल्जी या भागातलं केएक्स-2 वर्गातलं प्रोटिएज (अ‍ॅस्परजिलसमध्ये केक्सबी) तिथे कापतं. कापणी अर्धवट झाली किंवा एखादं अमिनो आम्ल जास्तीचं राहिलं तर औषधाच्या कामात ते चालत नाही, म्हणून मोकळ्या झालेल्या प्रथिनाचं पहिलं टोक मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासाच. आणखी एक तोटा लोक विसरतात. टाकीतली निम्मीअधिक ताकद वाहक प्रथिन बनवण्यात जाते आणि शुद्धीकरणात तेच वेगळं करत बसावं लागतं.

प्रोटिएजचा बंदोबस्त कसा करायचा?

तीन बाजूंनी. पहिली बाजू स्ट्रेनची. नायजरमध्ये पेपए (कायमोसिनच्या गोष्टीतल्या अ‍ॅस्परजिलोपेप्सिन-एचं जनुक) काढून टाकणं ही किमान गरज. पीआरटीटी हा नियंत्रक काढला तर बाहेर पडणारी अनेक प्रोटिएज एकदम खाली येतात. ट्रायकोडर्मात फिनलंडची संशोधन संस्था व्हीटीटी आणि औषध कंपनी नोव्हार्टिस यांच्या संशोधकांनी 2010 नंतरच्या दशकात एकामागून एक प्रोटिएज ओळखून काढून टाकली. एक काढलं की त्यामागे लपलेलं दुसरं समोर येतं, हे तिथे स्पष्ट दिसलं. त्यातून लिटरला ग्रॅमच्या पातळीवर अँटिबॉडी आणि इंटरफेरॉन मिळवता आलं.

दुसरी बाजू पीएचची. नायजर स्वतः आम्ल सोडते, पीएच घसरतो आणि आम्लधर्मी प्रोटिएजना रान मोकळं मिळतं. तुमचं प्रथिन सोसत असेल तर पीएच 6च्या आसपास धरून ठेवा. तिसरी बाजू वेळेची. कर्ब संपला, बुरशी उपाशी राहिली, पेशी फुटू लागल्या की आतली प्रोटिएजही द्रवात येतात. टाकी आणखी एक दिवस चालू ठेवण्याचा मोह टाळा.

जनुक मूळ स्वरूपात घातलं तर चालेल का?

शक्यतो नाही. आजकाल जनुक संश्लेषित करून घेणं महाग राहिलेलं नाही, तेव्हा बुरशीच्या कोडॉन (एकेक अमिनो आम्ल सांगणारी तीन अक्षरं) पसंतीप्रमाणे ते लिहून घ्या. प्रश्न फक्त भाषांतराच्या वेगाचा नाही. ए-टी जास्त असलेल्या परक्या जनुकात बुरशीला मध्येच शेवटाची खूण दिसते आणि एमआरएनए अर्ध्यावर तुटतो. कधी नसलेला इंट्रॉन (कापून टाकायचा तुकडा) दिसतो आणि ती मधला भाग कापून टाकते. कोडॉन बदलताना या दोन्ही खुणा निघून जातात. सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला स्रावाच्या वाटेवर नेणारा सुरुवातीचा तुकडा) मात्र बुरशीचंच घ्या.

ई. कोलायसारखा प्लाझ्मिड टाकून काम भागत नाही का?

बहुधा नाही. बुरशीत नैसर्गिक प्लाझ्मिड वापराजोगे नाहीत. निड्युलन्समधून मिळालेला एएमए1 हा तुकडा असलेले प्लाझ्मिड स्वतंत्रपणे टिकतात, पण निवडीचा दाब काढला की निघून जातात. झटपट चाचणीला किंवा क्रिस्परचं कास9 (डीएनए ठरलेल्या जागी कापणारं एन्झाइम) तेवढ्यापुरतं द्यायला ते छान, उत्पादनाला नाहीत. उत्पादनाच्या स्ट्रेनमध्ये जनुक गुणसूत्रातच बसवतात.

पेशीभित्ती एन्झाइमने विरघळवून प्रोटोप्लास्ट करायचे, पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) आणि कॅल्शियमच्या साहाय्याने डीएनए आत घालायचा, ही अजूनही रोजची पद्धत. 1998 पासून अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचाही उपयोग तंतुमय बुरशींसाठी होतो. त्यात थेट बीजाणू वापरता येतात. डीएनए शिरलेली बुरशी ओळखण्याची खूण म्हणून हायग्रोमायसिन प्रतिकार, अ‍ॅसिटामाइडवर वाढू देणारं एएमडीएस किंवा युरिडिनशी संबंधित पायरजी वापरतात. अन्नाच्या कामासाठी अँटिबायोटिकची खूण टाळावी.

डीएनए कुठे बसेल यावर बुरशीत फारसा ताबा नसतो. ती तुटलेली टोकं मिळेल तिथे जोडते. 2004 साली न्यूरोस्पोरात केयू70 आणि केयू80 ही अशा जोडणीची जनुकं बंद केल्यावर जवळपास प्रत्येक वेळी डीएनए ठरलेल्या जागीच बसू लागला. तीच युक्ती नंतर इतर बुरशींत गेली. 2015 पासून क्रिस्पर आल्याने काम आणखी सोपं झालं. ठरावीक जागी बसवलेल्या जनुकाचा फायदा असा, की दहा रूपं तपासली तर फरक जागेमुळे पडला की रचनेमुळे, याचा गोंधळ होत नाही.

ट्रान्सफॉर्मंट (नवं जनुक शिरलेली बुरशी) चांगला होता, पुन्हा वाढवला तर उत्पादनच नाही. असं का?

बुरशीच्या तंतूत एकाच वेळी अनेक केंद्रकं असतात. डीएनए त्यांतल्या एखाद्यातच गेलेलं असतं. निवडीचं माध्यम बदललं की जुनी केंद्रकं वरचढ होतात. उपाय म्हणजे निवडीच्या माध्यमावर एकेका बीजाणूपासून वसाहत करून ती पुन्हा पुन्हा शुद्ध करणं. ओरायझीच्या एका बीजाणूतही अनेक केंद्रकं असतात, तेव्हा तिथे जास्त चिकाटी हवी. शुद्ध झालेला स्ट्रेन पीसीआर आणि सदर्न ब्लॉटने तपासल्याशिवाय ग्लिसरॉलमध्ये ठेवू नका.

प्रोमोटर कोणता घ्यावा?

नायजरसाठी ग्लुकोअमायलेजचा (स्टार्च, माल्टोजवर चालतो, झायलोजवर दबतो), ओरायझीसाठी टाका-अमायलेजचा, ट्रायकोडर्मासाठी सीबीएच1चा, म्हणजे सेलोबायोहायड्रोलेज-1चा (सेल्युलोज, लॅक्टोज, सोफोरोजवर चालतो, ग्लुकोजवर बंद). सतत चालू हवा असेल तर जीपीडीए. एक सावधगिरी : स्रावावर ताण आला की बुरशी बाहेर जाणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचं वाचन आपणहून कमी करते. हे ट्रायकोडर्मात 2003 मध्ये दाखवलं गेलं. ज्या प्रोमोटरवर तुमची भिस्त आहे तोच मंदावतो. म्हणून सर्वांत जोरदार प्रोमोटर हा कधीकधी सर्वांत वाईट पर्याय ठरतो.

माणसाचं औषध बुरशीत करता येईल का?

तत्त्वतः होय. 1995 मध्ये अवामोरीत मानवी लॅक्टोफेरिन लिटरला दोन ग्रॅमच्या पुढे मिळालं. पुढे ते टॅलॅक्टोफेरिन नावाने फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीपर्यंत गेलं, पण 2012 मध्ये ती चाचणी अपयशी ठरली. 2004 मध्ये नायजरमध्ये पूर्ण अँटिबॉडी लिटरला 0.9 ग्रॅमपर्यंत मिळाली. तिथेही दोन्ही साखळ्या ग्लुकोअमायलेजला जोडलेल्या होत्या. सी1मध्ये तयार केलेल्या कोविड लशीच्या प्रथिनाची पहिल्या टप्प्याची मानवी चाचणी दक्षिण आफ्रिकेत झाली.

मोठी अडचण साखरेच्या साखळ्यांची. बुरशी प्रथिनावर मॅनोजने भरलेल्या साखळ्या बसवते, अ‍ॅस्परजिलस कधी गॅलॅक्टोफ्युरॅनोजही लावते. ही साखर माणसाच्या शरीरात नसते. मॅनोजवाली प्रथिनं रक्तातून लवकर काढून टाकली जाऊ शकतात. एएलजी3 जनुक काढून आणि मानवी एन्झाइम घालून या साखळ्या माणसासारख्या करण्याचे प्रयत्न झाले आहेत. तरीही आज कोणी मला साखरेवर काम अवलंबून असलेल्या अँटिबॉडीबद्दल विचारलं, तर मी सस्तन पेशींकडेच बोट दाखवेन. साखर नको असलेला प्रतिजन किंवा अँटिबॉडीचा तुकडा असेल, तर बुरशीचा विचार नक्की करावा.

यीस्ट घ्यावं की तंतुमय बुरशी?

लहान पेप्टाइड, घाई आणि लहान गट असेल तर यीस्ट. पिकिया या यीस्टमध्ये स्ट्रेन लवकर तयार होतो, टाकीत एकपेशीय द्रव सहज ढवळता येतो. टनांनी एन्झाइम लागत असेल, किंमत किलोमागे मोजली जात असेल, किंवा जनुक मुळात बुरशीचंच असेल तर तंतुमय बुरशी.

फ्लास्कमध्ये छान चालतं, फर्मेंटरमध्ये बिघडतं. काय तपासू?

पहिल्यांदा बुरशीचं रूप. ती मोकळ्या तंतूंनी वाढली तर टाकीतला द्रव ज्वारीच्या आंबिलीसारखा दाट होतो, ढवळणारे पंखे जवळचाच द्रव फिरवतात आणि कोपऱ्यांत ऑक्सिजन पोचत नाही. गोळ्या झाल्या तर द्रव पातळ राहतो, पण मोठ्या गोळीच्या गाभ्यात ऑक्सिजन जात नाही. स्राव मुख्यतः तंतूच्या वाढत्या टोकातून होतो. 1991 मध्ये नायजरच्या ग्लुकोअमायलेजबाबत हे दाखवलं गेलं. म्हणून टोकं भरपूर आणि गोळ्या बारीक, हे अनेकदा फायद्याचं.

हे हातात आणण्याचे मार्ग : सुरुवातीचे बीजाणू किती घालता ते प्रत्येक वेळी मोजून सारखं ठेवा, पहिल्या तासांतला पीएच सांभाळा, टाल्कसारखे सूक्ष्म कण घालून पाहा. पंखे जोरात फिरवून प्रश्न सुटत नाही, तंतू तुटतात आणि आतली प्रोटिएज द्रवात येतात. तापमान दोन-चार अंशांनी उतरवणं हा उपाय फार लोक करून पाहत नाहीत. वाढ मंदावते, पण परक्या प्रथिनाला घडी बसायला वेळ मिळतो.

नायजरसारखी काळी बुरशी म्हणजे विष नाही का? अन्नात कसं चालतं?

शंका रास्त आहे. नायजरचे काही स्ट्रेन ऑक्राटॉक्सिन किंवा फ्युमोनिसिन करतात. ओरायझी ही अफ्लाटॉक्सिन करणाऱ्या फ्लेवसची अगदी जवळची नातेवाईक आहे, मात्र तिच्यात तो जनुकसमूह कामातून गेलेला आहे. म्हणून प्रजातीच्या नावावर भरवसा ठेवायचा नसतो, प्रत्येक स्ट्रेन तपासायचा असतो. कंपन्या विषाची जनुकंच काढून टाकतात, तयार मालाच्या प्रत्येक खेपेची चाचणी करतात आणि अंतिम एन्झाइममध्ये जिवंत बुरशी राहू देत नाहीत.

असं कायमोसिन वापरलेलं चीज शाकाहारी का?

उत्पादनात वासराचा काहीही भाग वापरला जात नाही. जनुकाचा क्रम मूळ गाईचा, पण आज टाकीत वाढते ती बुरशी. जगभर अनेक शाकाहारी संघटना ते मान्य करतात. ज्यांना जनुकाचा उगमही महत्त्वाचा वाटतो, त्यांच्यासाठी रायझोम्युकर मिहेई या बुरशीचं स्वतःचं दूध फाटवणारं एन्झाइम उपलब्ध आहे, त्यात गाईचं काहीच नाही. लेबलवर स्पष्ट लिहिलेलं असावं, एवढा आग्रह मात्र प्रत्येकाने धरावा. जाता जाता : आपलं पनीर लिंबाने किंवा आम्लाने फाटवतात, त्यात रेनेट नसतं.

बुरशीतून दूध आणि अंड्याची प्रथिनं येतात म्हणे?

हो. परफेक्ट डे कंपनीचं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन ट्रायकोडर्मात तयार होतं आणि 2020 मध्ये एफडीएने त्यावर आपला आक्षेप नसल्याचं कळवलं. फिनलंडची ओनेगो बायो अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन त्याच बुरशीत करते. एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. प्राणी नाही म्हणून अ‍ॅलर्जी नाही, असं मुळीच नाही. प्रथिन तेच आहे. ज्याला दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी आहे, त्याने हे दुधाइतकंच टाळलं पाहिजे.

महाराष्ट्रात शिकायचं असेल तर स्ट्रेन कुठून मिळतील? परवानगी लागते का?

पुण्यात दोन मोठे संग्रह आहेत : राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम आणि आघारकर संशोधन संस्थेतला राष्ट्रीय बुरशी संग्रह. जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांवर काम करायचं तर 1989 च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती हवी. कामाच्या स्वरूपाप्रमाणे प्रस्ताव पुढे आरसीजीएम आणि जीईएसी या केंद्रीय समित्यांकडे जातो. प्रस्ताव आधी, प्रयोग नंतर.

पहिला प्रयोग कोणता करू?

परकं जनुक घालण्याआधी मूळ स्ट्रेन वाढवा, त्याचं स्वतःचं ग्लुकोअमायलेज किंवा सेल्युलेज दररोज मोजा, पीएच नोंदवा. मग रोजचा गाळलेला द्रव घ्या, त्यात तुमचं शुद्ध प्रथिन थोडं मिसळा, कोमट ठेवा आणि ठरावीक वेळाने नमुने जेलवर चालवा. चौथ्या दिवसाच्या द्रवात तुमच्या प्रथिनाचा पट्टा तासाभरात नाहीसा होत असेल, तर क्लोनिंगच्या आधी प्रोटिएज कमी असलेला स्ट्रेन शोधायला लागा.